ढिली गाठ

आमच्या निपाणीच्या बस्तीत दुपारच्या स्वाध्यायाला आठ-दहा जणी बसायचो. त्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय चालला होता आणि वाचायची पाळी माझी होती. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आले. जनावराला बांधणे, मारणे, त्याचा अवयव छेदणे, पेलणार नाही इतके ओझे लादणे आणि खाणेपिणे तोडणे. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. ही पाच नावे मी लहानपणी पाठशाळेत घोकली आहेत. त्या दिवशी मात्र वाचता वाचता जीभ अडखळली. घरी माझ्या पलंगाखाली मांजराची नवी पेटी येऊन पडली होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘प्रवासाआधी पोट हलके ठेवा’ असे लिहिलेले होते. आणि छेद तर मी दहा वर्षांपूर्वीच करून बसले होते, दोन्ही मांजरांचे ऑपरेशन करून आणले होते तेव्हा. पाचातले तीन माझ्या नावावर!

शेजारी बसलेल्या बाईंना माझा दिल्लीला जायचा बेत ठाऊक होता. त्या हळूच म्हणाल्या, “आक्का, मांजर पाळणं हिंसादानात येतंय म्हणून मागं तुमीच वाचून दाखवलासा की. आणि आता त्यास्नी इमानातनं न्यायला लागलायसा?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येताना ते हसू काही बरोबर आले नाही.

बाईंचे म्हणणे शास्त्राला धरून होते. स्वामी कार्तिकेयांच्या अनुप्रेक्षेत अनर्थदंडाचे प्रकार सांगताना मांजरासारखे हिंसक प्राणी बाळगणे स्पष्ट मोजले आहे. कारण उघड आहे. मांजर उंदीर मारणार हे माहीत असून ते ठेवायचे, म्हणजे मारणे त्याच्याकडून करून घ्यायचे आणि आपण हात धुऊन पूजेला बसायचे. आमच्या सासऱ्यांची तंबाखूची वखार आणि तिला लागून धान्याची खोली होती. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मांजरे होती. कुणी ‘पाळली’ नव्हती म्हणे, आपोआप आली होती. पण त्यांना रोज संध्याकाळी दूध-भाकरी कालवून ठेवली जायची, ती काय उगीच? कारुण्याच्या नावाखाली उंदरांचा बंदोबस्त होता तो. हे मला लग्न होऊन आल्यावर वीस वर्षांनी उमगले.

भुरी आणि बाळ्या याच वखारीतले. भुरीला मी डोळे न उघडलेली असताना कापडाच्या बोळ्याने दूध पाजले. बाळ्या तीन वर्षांनी पावसात भिजत आला. मालक गेल्यावर वखारीचा धंदा बंद झाला, उंदीर कमी झाले, आणि ही दोघे कामाची न राहता नुसतीच घरातली झाली. गोष्ट लिहिते आहे तेव्हा भुरी पंधरा वर्षांची, बाळ्या बारा.

त्यांच्या खाण्याचेही सांगून टाकते, नाहीतर वाचणारी म्हणेल की आक्कांनी नेमके तेवढेच झाकले. बरीच वर्षे मी त्यांना दूध-भात, चपाती, तूप यावरच ठेवले होते, आणि बाहेर ती काय खातात ते बघायचे नाही असा नेम केला होता. मग भुरीची नजर कमी व्हायला लागली तेव्हा डॉक्टरांनी समजावले. मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य अन्नातूनच लागते. ते मुख्यतः मांसातून मिळते. ते कमी पडले तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि काळीज कमजोर होते. कुत्र्यासारखे मांजराचे नाही, त्याला मांसाहारावाचून चालत नाही. मोठ्या मांजराला दूधसुद्धा पुष्कळदा पचत नाही. म्हणजे मी माझा धर्म तिच्या पोटात घालत होते आणि तिचे डोळे जात होते. तेव्हापासून तयार खाद्याची पाकिटे वखारीच्या जुन्या ऑफिसात वेगळ्या डब्यात राहू लागली. वेगळा चमचा, वेगळी ताटली, घालून आले की नळावर हात. यात विसंगती आहे. ती मी सोडवलेली नाही, नुसती स्वयंपाकघराबाहेर ठेवली आहे.

घर विकायचे ठरले ते दिरांच्या वाटणीमुळे. मुलगा दिल्लीला द्वारकेत राहतो. माझे जाणे ठरल्यासारखेच होते. प्रश्न या दोघांचा होता.

भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण म्हणाली, “वैनी, कुत्रं माणसाचं असतंय, मांजर घराचं असतंय. हितंच ऱ्हाऊ द्या. मी खायला घालतो की दोन टाईम.” (आमच्याकडे बायका ‘घालतो, जातो’च म्हणतात. दिल्लीत सून हसते.) तिचे म्हणणे खोटे नव्हते. मांजराचा जीव जागेत असतो. कुठल्या कोनाड्यात ऊन कधी येते, कोणत्या पायरीवर कुणाचा वास आहे, यावर त्याचे जग उभे असते. त्यातून म्हातारे, डोळ्यांनी अधू मांजर तर वाटा पाठ करून जगते. त्याला उचलून साडेसतराशे किलोमीटरवर नेऊन ठेवणे म्हणजे त्याचे सगळे पाठांतर पुसून टाकणे.

आणि मला खरा बोचणारा प्रश्न पुढचा होता. मी त्यांना त्यांच्यासाठी नेते आहे की माझ्यासाठी? परिग्रहाच्या यादीत शेत, घर, सोने यांच्याबरोबर चतुष्पदही आहेत. आणि परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, तिच्यावरची मूर्च्छा, असे सूत्रकार सांगतात. घर सुटले, वखार सुटली, मालक सुटले. आता मुठीत राहिले ते हे दोन जीव. मूठ सोडवत नव्हती, आणि त्या न सुटणाऱ्या मुठीला मी दया म्हणत होते की काय? कितीतरी रात्री मी याचा विचार केला. उत्तर स्वच्छ आले नाही.

मग एक करून बघितले. बेळगावला बहिणीकडे चार दिवस जाऊन राहिले. शेजारणीकडे किल्ली दिली, खाणे दाखवून दिले. एका सकाळी बहीण किल्ल्यातल्या कमल बस्तीत घेऊन गेली. १२०४ सालची ती काळ्या दगडाची शांत वास्तू, छताला उलटे फुललेले कमळ. एरवी तिथे बसले की मन ठिकाणावर येते. त्या दिवशी कमळाकडे बघत मी भुरीने खाल्ले असेल का, याचाच हिशोब करत होते. परत आले तर बाळ्या मजेत होता. भुरीने तीन दिवस तोंड लावलेले नव्हते. शेजारीण बिचारी रडवेली झाली होती, तिने तूप घातले, पेढासुद्धा ठेवला. मांजराचे तीन-तीन दिवस न खाणे म्हणजे उपवास नव्हे. त्याच्या अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि त्यातून जिवावर बेतू शकते.

तेव्हा मला वाटले, झाले, उत्तर मिळाले. आता वाटते, तेवढे सरळ नव्हते. रक्त तपासले तेव्हा भुरीची मूत्रपिंडे कमजोर झालेली निघाली. म्हाताऱ्या मांजरांत हा विकार फार आढळतो आणि त्यात भूक जातेच. म्हणजे ती माझ्याविना उपाशी राहिली की आजाराने, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. पण मी माझ्या सोयीचे कारण उचलले आणि निर्णय घेतला.

निपाणीचा सरकारी दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींचा. तपासण्यांसाठी कोल्हापूर गाठले. तिथल्या एका डॉक्टरांनी सगळे बघून शांतपणे सांगितले, हिचे वय, हिची मूत्रपिंडे, एवढा प्रवास. तुमची तयारी असेल तर इंजेक्शनने झोपवून टाकू, त्रास होणार नाही. ते वाईट मनाने म्हणाले नव्हते. मी नको म्हटले. आपल्याकडे सल्लेखना आहे, पण ती स्वतः, समजून, गुरूंच्या साक्षीने घ्यायची. आमच्याच भागातल्या येळगूडला जन्मलेले आचार्य शांतिसागर महाराज १९५५ साली कुंथलगिरीवर देह ठेवते झाले, तो त्यांचा निश्चय होता. मांजराच्या वतीने तो निश्चय मी कोण करणार? पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दुसरे मन विचारत होतेच: मग तिच्या वतीने विमानात बसायचा निश्चय तरी तू कोण करणार?

एकदा ठरले म्हटल्यावर तयारीला लागले. यात वाचणाऱ्या बायकांपैकी कुणावर अशी वेळ येऊ शकते म्हणून जरा सविस्तर लिहिते. मुले पुण्या-बेंगळुरूला, परदेशाला जातात, मागे आई-वडील आणि त्यांची जनावरे राहतात. आता हे घरोघरी आहे.

आधी वाट ठरवली. बेळगावहून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते, पण जवळजवळ दीड दिवस घेते. पहिल्या वर्गाचा पूर्ण डबा-खण मिळाला तरच मांजर जवळ ठेवता येते, नाहीतर सामानाच्या डब्यातली पेटी. सांबऱ्याहून दिल्लीचे विमान आहे, पण ती कंपनी मांजरे घेत नाही. ज्या विमानांत पाळीव जनावर माणसाजवळ ठेवू देतात ती गोव्याहून किंवा पुण्याहून. गोव्याचे मोपा निपाणीपासून जवळ, पण वाटेत आंबोलीचा घाट. घाटाच्या वळणांनी माणसे ओकतात, मांजराचे काय! पुणे लांब, पण हमरस्ता सरळ. पुणे ठरले. विमान दोन-सव्वादोन तासांचे.

जनावर सामानाच्या पोटातही नेता येते. तिथे हवेचा दाब आणि ऊब असते, लोक समजतात तसे ते गोठत नाहीत. पण चढवण्या-उतरवण्यात धावपट्टीवरचे ऊन, गोंगाट, अनोळखी हात हे सगळे असते, आणि म्हाताऱ्या जिवाला काही झाले तर कळणारही नाही. म्हणून पायाशी, सीटखालीच. त्यात एका माणसामागे एकच जनावर, आणि पेटीसकट वजनाची मर्यादा. म्हणून मुलाला मुद्दाम बोलावून घेतले. तो म्हणाला, “आई, दोन मांजरांसाठी मी सुट्टी काढून आलो हे ऑफिसात सांगायची सोय नाही.” सांगितलेन्‌ काय ते मी विचारले नाही.

महिना निवडला तो फेब्रुवारीचा. संक्रांत झाली, दिल्लीची कडक थंडी सरली, उन्हाळा लागायचा होता.

आणि मग पेटी. बंध हा पहिला अतिचार, आणि यातच माझे सहा आठवडे गेले. श्रावकाचारावरच्या जुन्या टीकाकारांनी याचा किती बारीक विचार केलाय बघा. ते म्हणतात, जनावर ठेवूच नये हे उत्तम. ठेवले तर न बांधता ठेवावे. बांधावेच लागले तर गाठ ढिली असावी, आग लागली तर त्याला सुटता यावे. गोठ्यातल्या गाईसाठी लिहिलेले हे वाक्य मला मांजराच्या पेटीला जसेच्या तसे लागू पडले. वरूनही उघडणारी पेटी घेतली, म्हणजे दुखऱ्या सांध्यांच्या भुरीला ओढून काढावे लागू नये. आत ती उभी राहील, वळेल, अंग पसरून निजेल एवढी जागा आहे ना, ते मोजले. विमानवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही हेच माप आहे.

पेटीचे दार काढून ती उन्हाच्या कोपऱ्यात ठेवली. आत माझे जुने, न धुतलेले इरकली लुगडे. पहिला आठवडा कुणी फिरकले नाही. मग आत खाणे ठेवू लागले. बाळ्या तिसऱ्या दिवशी आत झोपला, भुरीला सतरा दिवस लागले. मग दार लावले, एक मिनिट लावायचे आणि उघडायचे. मग पाच मिनिटे. मग उचलून अंगणातून फेरी. मग रिक्षाने स्तवनिधीच्या पायथ्यापर्यंत. घाटाखाली बस थांबवून लोक ब्रह्मदेवाला नारळ ठेवायला जातात, आणि मी रिक्षात पेटी मांडीवर घेऊन बसलेली. ओळखीच्या एकीने विचारले, “काय गं, आत काय?” मी म्हटले, “पाहुणी.” या सगळ्याचा उपयोग एवढाच, की प्रवासाच्या दिवशी पेटी ही त्यांच्या दृष्टीने शिक्षा राहू नये. ज्यांनी आयुष्यात फक्त इंजेक्शनच्या दिवशी मांजराला पेटीत कोंबले आहे, त्यांचे मांजर पेटी बघून पळणारच.

दुसरी गोष्ट झोपेच्या औषधाची. पुष्कळांनी सांगितले, गोळी देऊन टाका, ढिम्म पडून राहील. कोल्हापूरच्याच दुसऱ्या डॉक्टर बाईंनी ठाम नकार दिला. गुंगीने रक्तदाब उतरतो, अंगाची ऊब घटते, पेटी कलली तर मांजर स्वतःला सावरू शकत नाही. म्हाताऱ्या जिवाला हे जास्तच घातक. विमान कंपन्याही गुंगीतले जनावर घ्यायला नाखूश असतात. भीती कमी करणारे एक सौम्य औषध, गॅबापेंटिन, त्यांनी दिले, तेही मूत्रपिंडे बघून मात्रा कमी करून, आणि आधी घरी एकदा देऊन बघायला लावून. माझे बघून कुणी मात्रा ठरवू नका, ज्याचे त्याने विचारून घ्यावे. मला त्यात एक जाणवले. मांजर गपगार पडले तर त्रास कमी होतो तो आपला. आवाज येत नाही, म्हणून आपण समजतो दुःख नाही.

अन्नपाननिरोधाचे कोडे सोपे निघाले. पोटभर खाऊन प्रवासात ओकण्यापेक्षा चार-सहा तास आधी हलके खाणे बरे, पण पाणी तोडायचे नाही. मूत्रपिंडांच्या रोग्याला तर नाहीच. आपल्या सरकारचे १९७८ चे जनावर-वाहतुकीचे नियम आहेत, त्यात कुत्र्या-मांजरांसाठी वेगळा भाग आहे, आणि भुकेले-तहानलेले जनावर प्रवासासाठी पेटीत भरू नये असे त्यात लिहिले आहे. वाचून मला उमास्वामींची आठवण झाली. सूत्रात जे अतिचार म्हणून आले, ते सरकारी कागदात नियम होऊन आले. प्रकृती प्रवासाला ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणि रेबीजच्या लशीची नोंद, या दोन कागदांवाचून पुढे कुणी सरकू देत नाही. तेही नियमच.

निघालो त्या संध्याकाळी शेजारीण पेटीपाशी बसून राहिली. बोलली काही नाही. “येतो” म्हणून मीच उठले.

पुण्याला भाचीकडे एका खोलीत रात्र काढली. पहाटे विमानतळावर जे मला आधी कुणी सांगितले नव्हते ते झाले. पेटी यंत्रातून जाते, पण मांजर बाहेर काढून हातात घेऊन चौकटीतून जावे लागते. भुरीला पट्टा होता, तरी माझे हात कापत होते. एवढ्या दिव्यांत, एवढ्या आवाजात ती सुटली तर! तिने नखे माझ्या खांद्यात रोवली आणि डोके काखेत खुपसले. तपासणीच्या बाई म्हणाल्या, “घाबरू नका, हळू या.” मला म्हणाल्या की मांजराला, कोण जाणे.

विमानात ती ओरडली नाही. बाळ्या सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल असा ओरडला. भुरी गुरगुरत होती, आणि मुलगा म्हणाला, “बघ, खूश आहे.” मी गप्प बसले. मांजर सुखात गुरगुरते तसे वेदनेत आणि भीतीतही गुरगुरते, हे मला डॉक्टर बाईंनी सांगून ठेवले होते. ते न सांगितले असते तर बरे, असे त्या दोन तासांत वाटले. एकदा लघवी झाली, शौचालयात जाऊन खालची घडी बदलली. तेवढेच.

सूत्रात हिंसेची व्याख्या आहे ती प्रमादातून होणाऱ्या प्राणघाताची. बेसावधपणा हे तिचे मूळ. मी सावध राहिले, सहा आठवडे राहिले. मग माझ्या हातून झालेला बंध हा अतिचार नव्हे, असे म्हणू का? स्वाध्यायातल्या बाईंना मी फोनवर हे विचारले. त्या म्हणाल्या, “सावध ऱ्हायलासा ते चांगलं झालं. पण न्यायचं कशाला हुतं, त्याचं उत्तर त्यात न्हाई.” बाई शाळा शिकलेल्या नाहीत. मला त्यांच्यापुढे बोलता आले नाही.

दिल्लीत एका खोलीत दोघांना ठेवले, तेच लुगडे, तीच ताटली. सुनेने न सांगता पाकिटांसाठी गॅलरीत वेगळा डबा करून ठेवला. बाळ्या आठवड्यात घरभर फिरू लागला. भुरी नऊ दिवस कपाटामागे होती. चौथ्या दिवशी तिने माझ्या बोटावरचे चाटले, तेव्हा मी किती वेळ तशीच पालथी पडून राहिले होते, कंबर धरली.

याला आता वर्ष होत आले. भुरी आहे. गॅलरीत दहाचे ऊन कुठे येते ते तिने पाठ केले आहे. पण रात्री दोनच्या सुमारास ती बाहेरच्या दाराशी जाऊन उभी राहते आणि ओरडते. लांबलचक, पोटातून. डॉक्टर म्हणतात, वाढलेला रक्तदाब, कमी झालेले ऐकू येणे, म्हातारपणी मांजरांना असे होतेच. बहीण फोनवर म्हणते, निपाणीचं घर शोधत असंल बिचारी. दोघींचेही खरे असेल.

मी उठते, दिवा लावते, तिच्याजवळ जाऊन बसते. दार उघडून दाखवते. ती जिन्याकडे बघते, वास घेते, आणि पुन्हा आत येते.